रोग्याचे बोलणे आणि वैद्याचे शिक्षण

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकाने करू नये, असा एक अलिखित संकेत आहे. आणि शारीर किंवा औषधिशास्त्र यांच्यापुरता तो योग्यही आहे. परंतु जे पुस्तक विद्यार्थ्याला बोलावे कसे व ऐकावे कसे हे शिकविण्याची प्रतिज्ञा करते, ते आपण होऊन साहित्याच्या अंगणात पाऊल टाकते. शब्द, संबोधन, संवाद आणि मौन ही ज्याची सामग्री, त्याची पारख करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास असलाच पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ साली प्रसिद्ध केलेली वृत्ती, नीती व संवाद या विषयावरील इंग्रजी पुस्तिका याच कारणाने आम्ही येथे परीक्षणास घेतली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत ती ‘एटकॉम’ या लघुनामाने ओळखली जाते. २०१९ सालापासून हा विषय देशातील प्रत्येक एम. बी. बी. एस. विद्यार्थ्यास आवश्यक झाला. २०२० साली परिषद जाऊन तिच्या जागी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला, तरी विषय कायम राहिला. पुस्तिका सबंध देशासाठी आहे. आम्ही ती सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या कसोटीला लावून पाहणार आहोत.

हेच दोन जिल्हे का, असे कोणी विचारील. कृष्णेच्या खोऱ्यातील या मुलखात वैद्यकाचे शिक्षण जुने आहे आणि आज ते विपुलही आहे. मिरजेस अमेरिकन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेथेच पुढे देशी तरुणांना वैद्यक व मुलींना परिचर्या शिकविण्याची सोय झाली. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीच्या नावात त्यांची स्मृती आजही आहे. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९८४ साली कऱ्हाडास कृष्णा, २००५ साली सांगलीस भारती विद्यापीठाचे, आणि २०२१-२२ च्या वर्षी साताऱ्यास सरकारी महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांच्या दारी येणारा रोगी पाटणच्या डोंगरातून, माण-खटावच्या माळावरून, आटपाडीहून, जतेहून, उसाच्या फडातून येतो. त्याला तपासणारा विद्यार्थी मात्र पुष्कळदा दूरचा असतो. सरकारी महाविद्यालयांतील शेकडा १५ जागा अखिल भारतीय प्रवेशाने भरतात, आणि अभिमत विद्यापीठांतील तर सगळ्याच त्या रीतीने भरतात. म्हणजे बोलणारा एका भाषेचा आणि ऐकणारा दुसऱ्या भाषेचा, असा योग येथे रोज जुळून येतो. संवादाच्या पुस्तकाची परीक्षा पाहण्यास याहून योग्य स्थळ कोणते?

प्रथम पुस्तिकेचे गुण सांगणे न्यायाचे होईल. तिचे २७ भाग असून ते पदवीच्या चार टप्प्यांत ५, ८, ५ व ९ असे वाटले आहेत. आरंभीच विद्यार्थ्यास वैद्य असणे म्हणजे काय, आणि लगेच त्याच्या जोडीला, रोगी असणे म्हणजे काय, याचा विचार करावयास लावले आहे. विच्छेदनासाठी आलेल्या देहाला पहिला गुरू मानण्याचा पाठ त्याच वर्षी आहे. संवादाची मूलतत्त्वे हा विषय तर चारही टप्प्यांत चढत्या श्रेणीने ठेवला आहे. याआधी ही विद्या कोणी शिकवीत नसे. ती उचलली जाई. वरिष्ठ डॉक्टर रोग्याशी ज्या स्वरात बोलत, तोच स्वर कनिष्ठाच्या गळ्यात उतरे. स्वर मृदू असला तर विद्यार्थ्याचे भाग्य, करडा असला तर रोग्याचे दुर्भाग्य. हा सारा दैवाचा भाग अभ्यासक्रमाच्या कक्षेत आणला, हे या पुस्तिकेचे मोठेच श्रेय होय.

वृत्ती शिकविता येते काय, हा आक्षेप जुना आहे. करुणा जन्मजात असते, ती तासिकांनी येत नाही, असे म्हणणारे विद्वान आजही भेटतात. त्यांना उत्तर असे की, करुणा शिकविता येवो वा न येवो, मध्येच न तोडता ऐकणे निश्चित शिकविता येते. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली गेली. रोग्याने आपले गाऱ्हाणे सांगण्यास सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याचे बोलणे अडविले होते. शंभरातील तेवीस रोग्यांनाच ते पुरे करता आले. हे डॉक्टर निर्दय होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना सवय नव्हती इतकेच. आणि सवय ही शिक्षणाचीच बाब आहे. आपल्या प्राचीन वैद्यकातही ही गोष्ट अज्ञात नव्हती. दर्शन आणि स्पर्शन यांच्या बरोबरीने ‘प्रश्न’ ही परीक्षेची एक रीत मानली गेली होती. चरकाने तर रोग्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपले दुखणे सांगता येण्याची शक्ती, हा एक गुण गणला आहे. नव्या शिक्षणाने यात एक मोलाची भर घातली. रोग्याला सांगता येत नसेल तर त्याच्याकडून सांगवून घेण्याचे कर्तव्य त्याने वैद्यावर टाकले.

येथवर पुस्तिकेशी आमचे जुळते. आता मतभेदाकडे वळू.

रोग्याचा वृत्तांत कसा लिहावा हे शिकविणाऱ्या प्रत्येक ग्रंथात एक नियम हटकून सापडतो: मुख्य तक्रार रोग्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी. नियम उत्तम आहे. परंतु आपल्याकडे तो ज्या क्षणी पाळला जातो त्याच क्षणी मोडला जातो. कारण रोगी मराठीत बोलतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. म्हातारी म्हणते, “छातीत लई कोंडतंय, जीव घाबरा हुतोय.” कागदावर उतरते ते ‘चेस्ट पेन’. तिने ‘दुखते’ असे म्हटलेलेच नव्हते! कोंडणे आणि दुखणे यांतला भेद हृदयाच्या विकारात किती महत्त्वाचा असतो, हे वैद्यकाचा विद्यार्थी आमच्यापेक्षा अधिक जाणतो. पण त्याची लेखणी तो भेद पुसून टाकते.

वेदनेच्या शब्दांत मराठी भाषा विलक्षण संपन्न आहे. कळ येते आणि जाते. ठणका नाडीच्या ठोक्यासरशी उठतो. चमक क्षणात निघून जाते. मुरडा आतड्याचा असतो. उसण भरली म्हणजे हालचाल बंद होते. पिकू लागलेले गळू ठुसठुसते. रुतलेला काटा सलतो. पित्त उसळले म्हणजे जळजळते. चालून चालून पायांना रग लागते आणि रात्री पोटऱ्या वळतात. इंग्रजी वैद्यकातही असे भेद आहेत, नाही असे नाही. परंतु ते भेद विद्यार्थी पुस्तकातून पाठ करतो, आणि रोगी जेव्हा तेच भेद आयते त्याच्या पुढ्यात ठेवतो तेव्हा त्याला ओळखू येत नाहीत. निरक्षर बाईच्या तोंडी असलेले हे शब्द म्हणजे अर्धे निदानच होय. ते निदान भाषांतराच्या चाळणीतून गळून जाते.

जेथे शब्दाचा वाच्यार्थ एक आणि लोकार्थ दुसरा, तेथे तर नुसता कोश जाणणाऱ्याची फसगत ठरलेली. ‘अंगावरून वारं गेलं’ हे वाक्य परप्रांतीय विद्यार्थ्याने शब्दशः घेतले तर त्याला हवेचा झोत दिसेल. सांगणाऱ्याला अर्धांगवायू सांगावयाचा असतो. ‘दिवस गेलेत’ यात काळाचा नव्हे तर गर्भाचा उल्लेख आहे. ‘पोट पडलं’ म्हणजे गर्भपात झाला. ‘अंगावर जातंय’ एवढेच म्हणून बाई खाली पाहते. त्या तीन अक्षरी क्रियापदात तिने महिनोन् महिने सोसलेला स्राव असतो, आणि पुढचा प्रश्न कोणी नीट विचारला नाही तर तो तसाच घरी परत जातो. जतच्या पूर्वेकडून आलेला मनुष्य तर ‘नोवु’ म्हणेल, कारण तो मुलूख कानडी बोलतो. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्या महिन्याच्या पायाभूत शिक्षणात भाषा व संगणक या दोहोंसाठी मिळून ४० तास ठेवले. संगणकाशी वाटून घेतलेल्या या तासांत ‘तुमचे नाव काय’, ‘कोठे दुखते’ एवढे येईल. ‘कोंडतंय’ येणार नाही.

पुस्तिकेने संवादासाठी जी अपेक्षा ठेवली आहे तिचा आशय असा की, विद्यार्थ्याने रोग्याशी धीराने, आदराने, न धमकावता, दोष न देता आणि सहानुभूतीने बोलावे. पाचही विशेषणे निर्दोष आहेत. परंतु विशेषणे कोणत्याही भाषेत सारखीच दिसतात. आचरण मात्र त्या त्या भाषेच्या व्याकरणातून करावे लागते. आदर ही गोष्ट इंग्रजीत स्वराने व शब्दांच्या निवडीने दाखवितात. मराठीत ती सर्वनामानेच उघडी पडते. इंग्रजी सर्वनाम एकच आहे. आपल्याकडे ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, ‘आपण’ आहे. आणि यांतले कोणते कोणाला मिळते यावर आपल्या समाजाची सारी उतरंड उभी आहे. बाह्यरुग्ण विभागात थोडा वेळ उभे राहिले की कानांवर येते: चष्मा लावलेल्या शिक्षकास ‘बसा, काय होतंय तुम्हाला?’ आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या ऊसतोडणीच्या बाईस ‘ए बाई, काय होतंय तुला? पटकन बोल.’ ती वयाने विचारणाऱ्याच्या आईएवढी असेल. तिला ‘मावशी’ म्हटले, म्हाताऱ्याला ‘आबा’ किंवा ‘तात्या’ म्हटले, तर एक कवडीही खर्च होत नाही आणि अर्धी भीती तेथेच उतरते. अर्थात ‘मावशी, तू गप्प बस’ असेही म्हणता येते. नुसते नाते लावल्याने काम भागत नाही, क्रियापदही आदराचे लागते.

दोष न देणे हेही तसेच. “एवढे दिवस काय करत होता?” हे वाक्य प्रश्नाच्या वेषातला आरोप आहे, हे प्रत्येक मराठी कानाला कळते. पाटणच्या वाडीवरून येताना एका दिवसाची मजुरी बुडते, हे त्याचे खरे उत्तर. पण रोगी ते देत नाही, मान खाली घालतो. “आधी यायला काय अडचण झाली?” असे विचारले तर तेच उत्तर मिळते आणि उपयोगीही पडते, कारण पुढची तपासणी कोणत्या वारी ठेवावी हे त्यावरून ठरविता येते.

या गुणांना मार्क देण्यासाठी पुस्तिकेने जे माप स्वीकारले आहे ते अमेरिकेतील मिशिगन संस्थानातल्या कॅलामाझू येथे १९९९ साली भरलेल्या परिषदेच्या निष्कर्षांवर आधारलेले आहे. नाते जोडणे, बोलणे उघडणे, माहिती घेणे, रोग्याची दृष्टी समजून घेणे, माहिती देणे, एकमत करणे आणि समारोप करणे असे त्याचे सात घटक आहेत. परक्या मापाबद्दल आम्हाला अढी नाही. तापमापकही परकाच आहे. परंतु तापमापक ताप मोजतो, कारण ताप सर्वत्र सारखा असतो. कॅलामाझूच्या मापात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसाठी रकाना असणे शक्य नाही, आणि आमच्याकडे तर पहिली खूण तेथेच करावी लागते. विद्यार्थ्याने सातही घटक पुरे केले आणि सगळा वेळ रोग्याला ‘तू’ म्हटले, तर कागदावर तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल.

याहून बिकट प्रसंग दुःखद वार्ता सांगण्याचा. कर्करोगासारखे निदान झाले की आपल्या घरांतून पहिली विनंती येते ती अशी: “त्यांना काही सांगू नका.” अमेरिकेत २००० साली मांडली गेलेली सहा पायऱ्यांची एक पद्धत आज जगभर शिकवितात, तिच्यात रोग्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी विचारण्याची पायरी आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. परंतु तिची मांडणी एक वैद्य व एक रोगी अशा जोडीची आहे. आपल्याकडे रोगी एकटा नसतो. थोरला भाऊ, सून आणि गावातला एक कळता मनुष्य अशी सारी मंडळी खाटेभोवती असतात. चरकानेही रोग्याचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले तरी, सांगण्याने त्याला किंवा इतरांना अपाय होणार असेल तेथे ते सांगू नये, असा दंडक घातला होता. या दोन मतांत विद्यार्थ्याने काय करावे? आम्हास वाटते, वाद तत्त्वाचा दिसला तरी तोडगा एका चांगल्या वाक्यात आहे: “आबा, तपासणीत जे निघेल ते सगळं तुम्हाला सांगू, की घरातल्या कुणाला सांगू?” म्हातारा ‘पोराला सांगा’ म्हणेल तर तो त्याचा निर्णय; ‘मलाच सांगा, जमिनीची वाटणी करायची हाय’ म्हणेल तर तोही त्याचाच. आज पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नाही. शेवटी ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढे नातेवाइकांना सांगितले जाते. हे वाक्य सौम्य आहे, परंतु ज्याचा जीव जाणार त्याला वगळून ते उच्चारले जाते.

यावर डॉक्टर म्हणतील, वेळ कोठे आहे? त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. निरनिराळ्या देशांतील प्राथमिक उपचारांच्या भेटींचा जो तुलनात्मक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्वीडनमध्ये एका भेटीस बावीस मिनिटांहून अधिक वेळ मिळतो आणि भारतात सुमारे दोन मिनिटे, असे आढळले. दुसऱ्या बाजूस, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २००२ साली मोजून पाहिले तेव्हा, अडविले नाही तर रोग्याचे पहिले बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपते असे दिसून आले. म्हणजे ऐकून घेणे वाटते तितके महाग नाही. पण जेथे मुळात दोनच मिनिटे आहेत तेथे ९२ सेकंद देणे हेही सोपे नाही. ही अडचण विद्यार्थ्याच्या वृत्तीची नसून डॉक्टरांच्या संख्येची आहे. पुस्तिका विद्यार्थ्याकडून धीराची अपेक्षा करते. तो धीर ज्या रांगेपुढे धरावयाचा त्या रांगेची लांबी कमी करणे सरकारचे काम आहे. सौजन्याचे ओझे एकट्या तरुण डॉक्टराच्या खांद्यावर टाकून इतरांनी मोकळे होणे बरे नव्हे.

परीक्षेची रीतही तपासली पाहिजे. २०१९ च्या नियमांनी मुख्य विषयांच्या लेखी प्रश्नपत्रिकेत या विषयावर एक तरी प्रश्न असावा असे ठरविले. हेतू चांगला, परिणाम असा की, सहानुभूतीवर इंग्रजीत सुबक परिच्छेद लिहिणारा विद्यार्थी गुण मिळवितो आणि त्याच दुपारी वॉर्डात रोग्याकडे न पाहता बोलतो. पोहण्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखेच हे आहे.

दोष दाखविल्यावर उपाय सुचविणे हे टीकाकाराचे कर्तव्यच आहे. सुदैवाने तिन्ही साधने आपल्या घरात आहेत.

पहिले साधन म्हणजे मराठी पुस्तक. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे त्या दृष्टीने आदर्श होय. ग्रामीण स्त्रिया आपल्या शरीराविषयी व दुखण्यांविषयी काय समजतात आणि ते कोणत्या शब्दांत बोलतात, हे त्यांनी त्या स्त्रियांकडूनच शिकून लिहिले. वैद्याने रोग्याचे शिष्यत्व पत्करल्याचे इतके सरळ उदाहरण मराठीत विरळा. गडचिरोलीचे शब्द साताऱ्यास जसेच्या तसे चालणार नाहीत. म्हणूनच कऱ्हाड, मिरज, सांगली व सातारा येथील महाविद्यालयांनी आपापल्या मुलखाचा असा शब्दसंग्रह विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. अलीकडे विद्यार्थ्यांना खेड्यातील काही कुटुंबे दत्तक देऊन त्यांच्याकडे जाण्यास सांगतात. त्या भेटींत रक्तदाबाच्या आकड्याबरोबर पाच नवे शब्द टिपून आणावयास सांगितले, तर दहा वर्षांत उत्तम कोश तयार होईल.

दुसरे साधन नाटक. रोग्याचे सोंग घेणाऱ्या माणसावर विद्यार्थ्यांना तालीम देण्याची कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत काढली, आणि आता ती सर्वत्र रूढ झाली आहे. आपल्याकडे हे सोंग बहुधा वर्गबंधूच घेतो. त्याला दुखत नाही आणि हसू मात्र येते. सांगलीत तरी असे व्हावे काय? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ याच गावी रंगभूमीवर आणले. ‘शारदा’ लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे. ज्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात तेथील हौशी नटमंडळींनी खटावचा शेतकरी, जतची कानडी सासू, निदान लपवू पाहणारा भाऊ, अशा भूमिका महाविद्यालयांत वठवाव्या. भाषेचा हेल, लाज, थांबणे, विषय टाळणे, हे सारे नटाला करून दाखविता येते, आणि विद्यार्थ्याने चुकीचे सर्वनाम वापरताच त्याचा चेहरा उत्तर देतो.

तिसरे साधन रुग्णालयातच उभे आहे. प्रत्येक वॉर्डात एक मावशी असते, एक मामा असतो, आणि त्याच मुलखात वाढलेली एखादी परिचारिका असते. परप्रांतीय विद्यार्थ्याचे अर्धे संभाषण आजही यांच्याच तोंडून चालते; फक्त त्याची नोंद कोठे होत नाही. पुस्तिकेत सहकाऱ्यांबरोबर काम करण्यावर एक पाठ आहे. त्या पाठाचा एक तास मावशींनी शिकवावा. ‘जीव घाबरा होणे’ म्हणजे काय, हे त्यांच्याहून नेमके कोण सांगणार?

आणि हे सारे होईपर्यंत एक सुधारणा उद्याच करण्याजोगी आहे. तिला समिती नको, खर्च नको. केसपेपरावरील पहिली ओळ देवनागरीत लिहावी, आणि ती रोग्याच्या तोंडची असावी: जशी बोलली तशी, ‘हुतोय’ असेल तर ‘हुतोय’. तिच्याखाली खुशाल इंग्रजी निदान लिहावे. ज्याला मराठी येत नाही त्याला ती ओळ लिहिण्यासाठी कोणाला तरी विचारावे लागेल. आणि रोग्याचे म्हणणे नक्की काय आहे हे विचारीत फिरणारा विद्यार्थी त्या विषयात उत्तीर्ण झाला असे आम्ही समजू.